आधी लोखंडाला हात

शाळेत आले की ते आधी खिडकीच्या गजाला हात लावायचे. पिशवी खांद्यावरच, चपला दाराबाहेर आणि तळहात गजावर टेकवलेला. दोन-चार क्षण तसेच उभे राहायचे, मग खुर्ची ओढून बसायचे. इतक्या वर्षांत हा क्रम चुकल्याचं मला आठवत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "काका, कोणाला नमस्कार करताय?"

"नमस्कार न्हाई, बाई. अंगातली वीज उतरवायलोय."

मी हसले. त्यांच्या बोलण्यात गंमत किती आणि खरं किती, हे चटकन कळायचं नाही, कारण चेहरा कायम परीक्षेला बसल्यासारखा. विहारात जाणारा हा माणूस लोखंडाला नमस्कार कशाला करेल, एवढा साधा विचारही मी केला नाही. त्या गजाला त्यांनी स्वतः एक तांब्याची तार गुंडाळली होती, ती खिडकीखाली जमिनीत पुरली होती आणि तिथे रोज तांब्याभर पाणी घाला म्हणून सांगितलं होतं. ती व्यवस्था आभाळातल्या विजेसाठी असावी, अशी मी माझी समजूत करून घेतली. रोज पाणी पडतंच आहे म्हणून तिथे सदाफुली लावली. ती छान वाढली.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची, झरीच्या रस्त्याला. माझ्या वर्गात एक लांबट गोल टेबल आहे. त्याला बारा जागा, प्रत्येक जागेला एक हेडफोन आणि माझ्यासमोर माईक. मी बोलायचं आणि ते बारा मुलांच्या कानांत मोठं होऊन जायचं. पण प्रत्येक कान वेगळा असतो. एकाला जो आवाज कुजबुजीसारखा, तो दुसऱ्याला दुखतो. म्हणून प्रत्येक जागेखाली एक चिप बसवलेली. त्या मुलाला किती आवाज झेपेल तेवढाच पुढे सोडायचा, हे तिचं काम. हे टेबल ज्यांनी बनवलं त्यांचं दुकान कधीच बंद पडलं. तुम्ही म्हणाल, आता तर कानामागे लावायची छोटी यंत्रं मिळतात. मिळतात की. शिबिरात मिळतात. मग साचा कानात बसत नाही, यंत्र शिट्टी मारतं, सेल संपतात, गावाकडे सुट्टीत हरवतं. टेबल मात्र रोज सकाळी जागेवर असायचं.

आणि टेबल बिघडलं की पूर्ण्याहून काका यायचे. रेल्वेत होते, स्टेशनातले टेलिफोन आणि भोंगे सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना शोधून काढलं. सकाळच्या गाडीने परभणी, तिथून जिंतूरच्या एसटीने आमच्या दारात. टेबलाखाली आडवे होऊन काम करायचे, आणि तिथूनच आवाज यायचा, "बाई, आपली कंपनी लय वाढायलीय."

आपली कंपनी म्हणजे जपानमधली. टेबलातल्या बाराही चिपा तिच्याच. काका तिच्याबद्दल असं बोलायचे जसं कोणी परगावी दिलेल्या बहिणीच्या घराबद्दल बोलावं. आज काय नवीन बांधलं, कोणता कारखाना काढला, सगळं त्यांना ठाऊक. शाळेत त्यांचं नाव "जपानवाले काका" पडलं होतं. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे चिडवायचे, "काय काका, जपानची खुशाली?" ते न चिडता खुशाली सांगायचे.

एकदा मीही खोचकपणे विचारलं, "काका, कंपनीनं तुम्हाला काय दिलंय हो एवढं?"

ते टेबलाखालून बाहेर आले, हात पुसले. म्हणाले, "पत्र दिलं, बाई."

रेल्वेत ते खलाशी म्हणून, म्हणजे हाताखालचे मजूर म्हणून लागले. स्टेशनाच्या भोंग्यातला एक भाग जळाला. साहेब म्हणाले, फेकून दे, नवा भोंगा मागवू. यांनी तो भाग खिशात टाकून घरी नेला. त्यावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव होतं. बुकिंगच्या क्लार्ककडून इंग्रजी नीट करून घेऊन त्यांनी थेट जपानला पत्र टाकलं, की हा भाग काय काम करतो ते कृपया कळवावं. सगळे हसले. तीन महिन्यांनी पूर्ण्याच्या पोस्टात एक पुस्तक आलं. कंपनी बनवते त्या प्रत्येक भागाची माहिती त्यात होती, आणि वर एक टाइप केलेलं पत्र. त्याची सुरुवात होती, प्रिय इंजिनिअर.

"हापिसात मला 'ए' म्हणायचे, बाई. 'ए, शिडी धर.' आन् तिकडून लिहून आलं, प्रिय इंजिनिअर." एवढं सांगून ते पुन्हा टेबलाखाली गेले. मी त्यानंतर त्यांना कंपनीवरून चिडवलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी ते पत्र लिहायचे आणि दरवर्षी पुस्तक यायचं. एकदा त्यांनी ती सगळी पुस्तकं ओळीनं मांडून मला दाखवली. पहिलं शाळेच्या वहीएवढं. त्याच्या पहिल्या पानावर एका लाकडी शेडचं चित्र. तिथे सात-आठ माणसं रेझिस्टर बनवायची, तीच कंपनीची सुरुवात. मग ट्रान्झिस्टर आले आणि पुस्तक जाड झालं. मग चिपा आल्या, पुस्तकाचे दोन भाग झाले. मग टीव्ही, टेप, सीडी वाजवणारा लेझरचा किरण, आणि एका वर्षी पोस्टमनने पाच भागांचं खोकं दारात आपटलं. "तुमच्या जपानला सांगा, माणूस पाठवत जा उचलायला," असं तो म्हणाला होता. काकांना ते फार आवडलं होतं. त्यानंतर एक सीडी आली. त्यानंतर एक कार्ड, की माहिती आता वेबसाइटवर पाहावी. पुढे काहीच आलं नाही.

कंपनी वाढत गेली तसा तिचा माल बारीक होत गेला. काकांकडे तोही क्रम एका डबीत होता. पहिला रेझिस्टर ज्वारीच्या दाण्याएवढा, मग मोहरी, मग खसखस. शेवटचा भाग दाखवताना त्यांनी कागद पुढे धरला, पण मला काहीच दिसलं नाही. "दिसंना ना? मला बी दिसंना," ते कौतुकाने म्हणाले. परभणीत विजेवरची गाडी दिसली की तिच्या हँडलला हात लावून सांगायचे, "ह्याच्यात बी आपलीच." आपल्या हाताने त्यातलं आता काहीच दुरुस्त होणार नाही, याचं त्यांना वाईट वाटत असेल का, असं मला वाटायचं. तसं कधी बोलले नाहीत.

मग एक दिवस ते फोन घेऊन आले. "बाई, तुमी वाचा. माझे डोळे धुरकटलेत." कंपनीच्या वेबसाइटवर आमच्या टेबलातल्या चिपेपुढे लिहिलं होतं, उत्पादन बंद. पर्यायी भाग, नाही.

मी वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाढत्या घरात जुनी भांडी काढावीच लागतात," म्हणाले. त्या काळात मोटारींच्या चिपांचा मोठा कारखाना चालू झाला होता, त्यात आमच्या चिपेला कुठून जागा असणार, हेही त्यांनीच मला समजावलं. मग पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत काळ्या स्पंजमध्ये पाय रुतवून अकरा चिपा उभ्या होत्या. कधीतरी मागवून ठेवलेल्या. "वर्साला एक-दोन जातात, वोल्टेज कमी-जास्त झालं की. सहा-सात वर्सं बिनघोर. तवर तुमचं नवं टेबल येईल." घरी नातवंडं हात लावतात म्हणून डबा आमच्या कपाटात ठेवला आणि ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले.

आता जे सांगायचं ते मला सांगवत नाही, पण सांगितलं नाही तर काकांची गोष्ट अर्धीच राहील.

मला नीटनेटकेपणाची हौस आहे. माझं कपाट पाहून बाहेरचे पाहुणे थक्क होतात. एप्रिलमध्ये आवराआवर करताना मी तो डबा उघडला. काळा स्पंज जुना होऊन झडत होता. बोटं काळी झाली. चिपांच्या अंगावर काळा भुगा. मला ते पाहवलं नाही. शहरातल्या प्रदर्शनासाठी आणलेला पांढराशुभ्र थर्माकोल होता, त्याचा डब्याच्या मापाचा तुकडा कापला. जुन्या नायलॉनच्या साडीचा बोळा घेऊन एकेक चिप घासून लख्ख केली आणि थर्माकोलमध्ये ओळीनं खोचली. प्रत्येकीखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली, जागा पहिली, जागा दुसरी. बाहेर ऊन असं होतं की केस विंचरले तरी चटचट वाजत होते. मुलांना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात.

काका जूनमध्ये आले, डोळ्यांवर काळा चष्मा. तेव्हा टेबलाच्या तीन जागा बंद होत्या. त्यातली एक पल्लवीची. ही पाथरीकडची मुलगी, सात वर्षांची. घरच्यांनी तिला काहीच ऐकू येत नाही असं सांगून आणून सोडली होती. टेबलावर बसवल्यावर कळलं की खालच्या पट्टीतला आवाज तिला थोडा पोचतो. वर्षभर तिला मी एकच गोष्ट शिकवत होते, तिचं नाव. मार्चमध्ये ती पहिल्यांदा माझ्याकडे पाठ असताना नाव ऐकून वळली होती. आणि पुढच्याच आठवड्यात जागा गेली. दुसऱ्या जागेवर बसवून पाहिलं, पण तिथला आवाज दुसऱ्या मुलाच्या मापाचा, आणि जागा बदलली की त्याचाही खोळंबा. मी काकांची वाट पाहत होते.

त्यांनी गजाला हात लावला. डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं.

"कोन केलं हे?"

"मी," मी म्हणाले. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

बराच वेळ त्यांनी त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लय देखणं केलंत, बाई."

पहिली चिप बसवली. आवाज नाही. दुसरी. नाही. मुलं आळीपाळीने हेडफोन लावायची, माझ्या ओठांकडे बघायची आणि मान हलवायची. दुपारचं जेवण झालं, एसटीची वेळ टळली. अकरापैकी एक चिप बोलली. एकच.

"काका, असं कसं झालं?"

"जुना माल, बाई. बसून बसून जातो." माझ्याकडे न बघता त्यांनी ती एक चिप पल्लवीच्या जागेखाली दाबली. "पोरगी आता कुठं ऐकायलीय. तिलाच असू द्या."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. वर थोडी रागावलेही, की एवढी आपली कंपनी म्हणता आणि माल असा. ते ऐकून घेतलं त्यांनी. कंपनीबद्दल वावगा शब्द त्यांनी त्या एकाच दिवशी ऐकून घेतला.

त्यानंतर आम्ही दोघांनी काहीच करायचं बाकी ठेवलं नाही. मुंबईहून मागवलेल्या चिपा आल्या, वर नाव बरोबर, आत वेगळंच काहीतरी. वेबसाइटवर चौकशीचा अर्ज होता, तो मी भरायला घेतला. देश, शहर, कामाचं स्वरूप. मग प्रश्न आला, वर्षाला किती नग लागतील. खाली निवडायचे पर्याय होते, सगळ्यात लहान दहा हजार.

"बारा लिहा," काका म्हणाले.

"लिहिता येत नाही, काका. यातलंच एक निवडायचंय."

"मग खाली जागा हाय का? दोन वळी लिहू, पोरांचं सांगू."

मी खालीवर करून पाहिलं. तशी जागा नव्हती.

मग त्यांनी नेहमीसारखं हाताने पत्र लिहिलं, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सोबत टेबलाचा फोटो, माझा ईमेलचा पत्ता. पत्र टाकायला ते स्वतः परभणीच्या मोठ्या पोस्टात गेले. त्यानंतर दर खेपेला गजाला हात लावून झाला की विचारायचे, "काय आलं का?" पाचव्या महिन्यात आलं. चार ओळी. आपल्या चौकशीबद्दल आभार, सदर उत्पादन बंद आहे, आपल्याला मदत करता येत नाही याचा खेद वाटतो. सुरुवात होती, प्रिय ग्राहक.

काकांचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं. फोनवरची अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "वर काय लिहिलंय? सुरवातीला?"

"प्रिय इंजिनिअर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "हां. माणसं तीच हायेत अजून," म्हणाले आणि पिशवी आवरायला लागले.

हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. जागा एकेक करून बंद होत होत्या आणि त्यांच्या पिशवीत द्यायला काही नव्हतं. तरी यायचे. टेबलाखाली आडवे व्हायचे, तारा चाचपायचे, जे ठीक आहे तेच पुन्हा पुसायचे. पल्लवीच्या जागेला मात्र हात लावायचे नाहीत. "चालू हाय, चालू राहू द्या." गेल्या हिवाळ्यात यायचे थांबले, आणि होळीच्या सुमाराला त्यांच्या घरून फोन आला.

मी पूर्ण्याला गेले. त्यांच्या बायकोने कोपऱ्यातली पुस्तकं दाखवली. "साळंला द्यायची म्हनले व्हते. बाईलाच द्या म्हनले." मग म्हणाल्या, "द्यायच्या आदी एक पान फाडून काढा म्हनायचे. मला वाचता येत न्हाई, त्यांला दिसंना. कोन्तं ते शेवटपत्तुर सापडलं न्हाई."

मी म्हटलं, असेल काहीतरी कामाचं. पुस्तकं रिक्षात घालून स्टेशनवर आणली.

ते पान मला आठवड्याभरात सापडलं. आमच्या चिपेचंच होतं. वर तिचं चित्र, खाली इंग्रजीत सूचना, आणि समासात काकांच्या अक्षरात, खूप वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत चार ओळी. "कोरड्या हवेत अंगातली वीज चिपेला मारते. थर्माकोल नको. नायलॉन नको. काळा स्पंज काढू नये. आधी लोखंडाला हात."

मी ते पान किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. डबा मांडीवर घेऊन बसलेले काका दिसायचे, चिठ्ठ्यांवरून फिरणारं त्यांचं बोट दिसायचं. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी कळू दिलं नाही, आणि शेवटी ते पान फाडायला त्यांना डोळे उरले नाहीत. मला त्यांच्यापाशी रडायचं होतं. त्यांनी निदान एकदा तरी मला बोलायला हवं होतं, असं वाटून मला त्यांचा रागही आला. मुख्याध्यापकांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, जुनं टेबल होतं, कधीतरी जाणारच होतं. नव्याचा प्रस्ताव गेलाय." प्रस्ताव गेलेलाच आहे.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात वादळात वोल्टेज वाढलं. पल्लवीची जागा गेली. टेबलाची ती शेवटची चालू जागा होती. अजून काही मी टेबल काढलेलं नाही. मुलांना दुसरीकडे बसवायला मन होत नाही.

तर रोज सकाळी काय होतं ते सांगते. मुलं वर्गात येतात. आमची मुलं बघून शिकतात, ऐकून शिकायची सोयच नाही, त्यामुळे काकांनी कधी न सांगता त्यांनी काकांचं सगळं उचललेलं आहे. रांग लावून एकेकजण खिडकीच्या गजाला तळहात टेकवतो आणि मग आपल्या जागेवर बसून हेडफोन लावतो. मीही लावते हात, आता मला कळतं म्हणून. मग माईकसमोर बसते आणि सवयीनं पल्लवीचं नाव घेते.

परवा ती हेडफोन लावून माझ्याकडे पाठ करून बसली होती, नाव ऐकायला. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. तिने वळून माझे ओठ पाहिले, हलत होते. तिने हेडफोन काढला, काळजीपूर्वक टेबलावर ठेवला आणि उठून खिडकीशी गेली. आपला हात नीट टेकला नव्हता असं तिला वाटलं असावं. तिने फ्रॉकला हात पुसला, गजावर तळहात दाबून धरला, या वेळी बराच वेळ, डोळे मिटून. मग परत आली, हेडफोन लावला आणि पाठ करून बसली.